हात पुसायचं कापड

स्वयंपाक करणाऱ्या माणसाचे हात सारखे ओले होत असतात. तांदूळ धुतले की हात ओले, आणि पुढच्याच क्षणी मिठाच्या बरणीत हात घालायचा म्हणजे ते कोरडे हवेत. कणीक मळून झाली, हात धुतले, की लगेच मिसळणाचा डबा उघडायचा. कोथिंबीर धुतली की गॅसचं बटण फिरवायचं. साध्या वरण-भात-भाजीच्या स्वयंपाकातही हे ओलं-कोरडं किती वेळा होतं ते कुणी मोजत नाही, कारण हात आपोआप कुठेतरी पुसले जातात. कुठे पुसले जातात, हे मात्र बघण्यासारखं आहे. माझ्या आजीचे हात पदराला पुसले जायचे. माझे गाऊनला पुसले जातात, उजव्या बाजूला, मांडीच्या थोडं वर. तिथे हळदीचा एक पट्टा पडलेला असतो. साबण लागला की तो आधी लालसर होतो, उन्हात वाळला की पुसट होतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पिवळा. मैत्रिणींकडे, नात्यातल्या बायकांकडे, शेजारी, जिथे जिथे मी स्वयंपाकघरात शिरते तिथे मला हाच पट्टा दिसतो, जवळपास त्याच जागी.

घरात एप्रन घालणं कमी झालं, असं इंग्लंड-अमेरिकेतल्या घरांबद्दल म्हणतात आणि तिकडे ते खरंही आहे. आपल्याकडे एप्रन घरात कधी रुजलाच नव्हता. पण एप्रनचं काम करणारं कापड आपल्याकडेही होतं आणि तेही गेलं. ते अंगावरच्या वस्त्राचाच भाग होतं, म्हणून ते गेल्याचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. ते कापड म्हणजे पदर. खांद्यावर पिन लावून चुण्या बसवलेला लग्नकार्यातला पदर नव्हे, कामाचा पदर.

आजी कोकणातली. रोजचं सुती नऊवारी, काष्टा घालून नेसलेलं. नऊ वार म्हणजे आठ मीटरांहून थोडं जास्तच. एवढं कापड अंगावर घेऊन बाई विहिरीचं पाणी कसं शेंदणार, माळ्यावर कशी चढणार, असं आज वाटेल. पण काष्ट्यामुळे दोन्ही पाय मोकळे राहत. पहाटे चूल पेटवायच्या आधी आजी पदर पाठीवरून पुढे घेऊन कमरेला घट्ट खोचायची आणि मग रात्री आडवं होईपर्यंत तो तिथेच असायचा. त्याला हात पुसायचे, धुराने डोळ्यांत आलेलं पाणी टिपायचं, त्याचंच टोक चार पदरी दुमडून चुलीवरचं तपेलं उतरवायचं, हाताशी आलेल्या नातवंडाचं नाक पुसायचं. परसातून येताना ओच्यात मिरच्या, भेंडी नाहीतर पूजेची फुलं असायची. केळफूल निवडायचं असलं की मात्र ती मुद्दाम सगळ्यांत विटकं लुगडं नेसायची आणि हाताला तेल लावून बसायची, कारण केळीचा चीक एकदा कपड्याला लागला की त्याचा काळा डाग कायमचा. कुठल्या कामाला कुठलं कापड, हे तिला नेमकं ठाऊक होतं.

त्या कापडाचं आयुष्यही मोठं असे. नवं लुगडं आधी बाहेर जायला. धुऊन धुऊन मऊ झालं की घरात. मधे विरलं की तेवढा भाग काढून टाकून दंड घालायचा, म्हणजे चांगले तुकडे जोडून पुन्हा अखंड लुगडं करायचं. तेही जीर्ण झालं की गोधडीत, आणि गोधडीतूनही जे उरेल ते चुलीपाशी मसोतं म्हणून. पाणी टिपायला नवं, खळ असलेलं कापड काही कामाचं नसतं. सुती कापड जुनं होत जातं तसं ते पाणी चांगलं शोषतं. म्हणजे घरात नेसायचं लुगडं नेमकं तेव्हा घरात येई, जेव्हा ते हात पुसायला सर्वांत लायक झालेलं असे.

याच घरात सणावाराला आणि श्राद्धपक्षाला सोवळ्यातला स्वयंपाक व्हायचा. धुतलेलं वस्त्र काठीने उंच वलणीवर वाळत घालायचं, त्याला कुणी शिवायचं नाही, आणि नैवेद्य होईस्तोवर ते नेसून राहायचं. कुणाकडे मुकटा असे, कुणाकडे धाबळी. स्वयंपाकासाठी वेगळं वस्त्र घालायची ही आपल्याकडची पद्धत, पण तिचा रोख एप्रनच्या बरोबर उलटा. एप्रन अन्नापासून माणसाच्या कपड्याला जपतो; सोवळं माणसांपासून अन्नाला जपायचं. त्या जपण्याने कितीतरी माणसांना जातीवरून आणि कितीतरी बायकांना महिन्यातले चार दिवस उंबऱ्याबाहेर बसवलं. सोवळं गेलं ते उत्तम झालं. मला हळहळ वाटते ती फक्त त्या खोचलेल्या पदराची, आणि तीही पुरती नाही.

पुरती नाही, कारण पदर पेट घेतो. चुलीवर जळलेले पदर आमच्या आधीच्या पिढ्यांनीही पाहिले, पण खरा घात झाला तो पंपाचा स्टोव्ह आणि नायलॉनची साडी एका घरात आल्यावर. सुती कापड पेटलं तर जळतं. नायलॉन वितळतं आणि कातडीला चिकटतं. माझ्या लहानपणी वर्तमानपत्रात 'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू' ही बातमी इतक्यांदा यायची, की मोठी माणसं ती वाचताना थांबतसुद्धा नसत. त्यांतल्या कित्येक बातम्या अपघाताच्या नव्हत्याच, हे पुढे देशाला मान्य करावं लागलं. १९८३ साली ४९८-अ हे कलम आलं आणि १९८६ साली हुंडाबळीचं कलम. पण जे खरोखरचे अपघात होते त्यांत वाऱ्यावर सुटलेल्या पदराचा वाटा मोठा होता. 'आधी पदर खोच' हे आई ज्या आवाजात ओरडायची तो आवाज शिस्त लावण्याचा नव्हता, घाबरलेला होता.

आणि पदर सुटत गेला त्याच काळात स्वयंपाकघर जमिनीवरून उठलं. याचा विचार फारसा होत नाही, म्हणून थोडं तपशिलात सांगते. आजी पाटावर बसून स्वयंपाक करायची. विळी पायाखाली, परात पुढ्यात, चूल हाताच्या अंतरावर. पीठ सांडलं तर जमिनीवर, पाणी ओघळलं तर जमिनीवर. १९५५ साली बर्मा शेलने मुंबईत स्वयंपाकाचा गॅस विकायला सुरुवात केली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत तो शहरोशहरी मध्यमवर्गात पसरला. गॅसबरोबर ओटा आला, कडप्प्याचा, काळा, कमरेइतका उंच. ओट्याने बायकांचे गुडघे वाचवले, चुलीपुढचं ते वाकणं संपवलं, त्याचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण ओट्याबरोबर कामाची पातळी पोटाशी आली. ओट्याच्या कडेला नेहमी पाण्याचा ओघळ असतो आणि आपण त्याला पोट टेकून उभ्या असतो. सिंकमध्ये पातेलं विसळताना पाणी उलटं उडतं ते पोटावरच. मोहरी तडतडली की तेल उडतं ते दंडावर आणि छातीवर. बसून स्वयंपाक करणाऱ्या बाईला एप्रनची गरज कमी होती. उभ्याने करणारीला ती फार आहे. आणि ही गरज उभी राहिली नेमकी तेव्हाच नऊवारी जाऊन गोल साडी आली, पदर सुतीचा सिंथेटिक झाला, म्हणजे पाणी न टिपणारा. आणि मग साडीही घरातून गेली, पंजाबी ड्रेस आला, गाऊन आला. ओढणी स्वयंपाक करताना काढूनच ठेवावी लागते.

तिकडे पश्चिमेत एप्रन गेला त्याची कारणं सरळ आहेत. बाईकडे झगे मोजके, कापड महाग, धुण्याचा दिवस आठवड्यातून एकदा, तोही बहुतेक घरी सोमवार. झगा आठवडाभर टिकवायचा तर त्याच्यावर धुवायला सोपं असं काहीतरी बांधायला हवं. मग कपडे धुण्याचं यंत्र आलं. बेंडिक्सचं स्वयंचलित यंत्र अमेरिकेत १९३७ सालचं. तयार कपडे स्वस्त झाले, बायका कारखान्यांत आणि कचेऱ्यांत गेल्या. बेटी फ्रीडनचं 'द फेमिनिन मिस्टिक' १९६३ साली आलं तेव्हा एप्रन बांधलेली हसरी गृहिणी हे जाहिरातींतलं ठरलेलं चित्र होतं, आणि विचार करणाऱ्या बायकांना ते चित्र अंगावरून उतरवून टाकावंसं वाटणं स्वाभाविक होतं. म्हणजे एप्रन थोडा यंत्राने नेला आणि थोडा त्यांनी स्वतः उतरवला.

यांतलं पहिलं कारण आपल्यालाही लागू पडतं. १९५९ साली सर्फ आलं, १९६९ साली अहमदाबादेत निरमा सुरू झालं, आणि रिठा, सोडा, साबणाची वडी यांच्यापेक्षा पावडरीने कपडे धुणं पुष्कळ सोपं झालं. आता कितीतरी घरांत यंत्र आहे. डाग पडला तर पडला, रात्री मशीनला लावू. दुसरं कारण मात्र आपल्याला लागू पडत नाही. एप्रन उतरवण्यासाठी तो आधी अंगावर असावा लागतो.

मग आपण तो घातला का नाही? परवडत नाही म्हणून नव्हे. एका एप्रनला दीड मीटर कापडही लागत नाही. शिवता येत नाही म्हणूनही नव्हे. आमच्या शाळेत शिवणकामाच्या तासाला झबलं झालं की एप्रनच शिवायला असे. धावदोरा, उलटी टीप, कडेला बायस पट्टी, पोटावर एक खिसा, आणि हौस असेल तर खिशावर साखळीटाक्याचं फूल. गुण मिळाले की तो एप्रन घरी यायचा आणि ट्रंकेत जायचा. तो घालून एखादीने पोळ्या केल्याचं मला आठवत नाही. रुखवतावर एप्रन मांडलेले मी पाहिले आहेत. नव्या संसारात ते वापरलेले पाहिले नाहीत.

मला वाटतं, याचं उत्तर आपल्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात आहे. तिथे 'घरात घालायचे' कपडे असतात. म्हणजे कोणते? जे बाहेर घालण्याच्या लायकीचे राहिलेले नाहीत ते. रंग उडालेला कुडता, गळा सैल झालेला गाऊन, कुणाचा तरी जुना टी-शर्ट. हे कपडे खराब व्हायला मोकळे असतात, म्हणून त्यांच्यावर एप्रनची गरज कुणाला वाटत नाही. आजीही जुनं लुगडंच नेसायची हे खरं. पण ते मऊ, टिपणारं, कामाला योग्य म्हणून जुनं, आणि रोज पहाटे आंघोळीनंतर बदललेलं. आमचा गाऊन कामाला योग्य नसतो. त्याचं कापड पुष्कळदा पाणीही टिपत नाही. तो फक्त 'चालतो'. आणि दिवसभर पोटाशी ओल्या, बाजूला पिवळ्या, कांद्याचा वास बसलेल्या कपड्यात वावरायची बाईला इतकी सवय होते, की दाराची बेल वाजली की ती खांद्यावर नॅपकिन नाहीतर ओढणी टाकून स्वतःला झाकून घेते. घरात स्वच्छ, कोरड्या कपड्यात असावं, हा आपला हक्क आहे असं तिला वाटतच नाही. एप्रन न वापरण्याचं मूळ मला इथे दिसतं.

एप्रन महाराष्ट्रात नाही असं थोडंच आहे. अकरावी-बारावीला शास्त्र शाखा घेतली की रसायनाच्या प्रॅक्टिकलला एप्रनशिवाय आत घेत नाहीत. मेडिकलला प्रवेश मिळाला की नवा पांढरा एप्रन घेतात, त्यात फोटो काढतात, आजी-आजोबांना पाठवतात. अन्नसुरक्षेच्या २००६ च्या कायद्याखालचे नियम तर खाद्यपदार्थ करून विकणाऱ्यांना स्वच्छ कपडे, एप्रन, डोक्यावर टोपी या गोष्टी सांगतातच. घरच्या ओट्यावर हजारो पोळ्या लाटलेली बाई पोळी-भाजी केंद्रात कामाला लागते, त्या दिवशी तिला एप्रन मिळतो. 'मास्टरशेफ इंडिया' २०१० साली सुरू झालं. त्यात निवड झाली की एप्रन देतात, आणि तो हातात घेताना गृहिणींना रडू फुटतं. ते रडणं मला फार खरं वाटतं. वीस-पंचवीस वर्षं जे केलं ते काम होतं, हे त्यांना त्या कापडाने पहिल्यांदा सांगितलेलं असतं.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची २०१९ ची वेळ-वापर पाहणी सांगते, की घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि जे पुरुष असं काम करतात ते ९७ मिनिटं. दोनशे नव्याण्णव मिनिटं म्हणजे पाच तास. पाच तास पाणी, तेल, पीठ आणि विस्तव यांच्याशी संबंध येणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही कामात माणसाला कामाचं कापड मिळतं. लग्नघरातला आचारी काय करतो पाहा: आधी कमरेला पंचा आवळतो, मग कढईकडे वळतो. दिवसाअखेर तो पंचा पिळून वाळत टाकतो आणि शर्ट घालून घरी जातो. त्याच्या कामाला सुरुवात आहे, शेवट आहे. घरातल्या कामाला तसा शेवट नसतो, हे मला माहीत आहे. कुकरच्या दोन शिट्यांमध्ये ऑफिसचं मेल लिहिणाऱ्या माझ्यासारख्या बायकांना कुठल्या क्षणी एप्रन बांधावा आणि कुठल्या क्षणी सोडावा, तेच कळत नाही. तरी बांधावा. आता आपण थांबलो आहोत, हे निदान अंगाला कळतं.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशींचं मला यात सगळ्यांत वाईट वाटतं. सकाळी पहिल्या घरच्या सिंकपाशी त्यांची साडी पोटावर भिजते. ती वाळायच्या आत दुसरं घर, मग तिसरं. पावसाळ्यात ती वाळतच नाही. घरकामगारांसाठी कल्याण मंडळ करणारा कायदा महाराष्ट्राने २००८ साली केला, म्हणजे मावशी कामगार आहेत हे कागदावर मान्य झालं. पण त्यांच्या कामाला लागणारं दोन वीत कापड कुणी त्यांच्या हातात दिलं नाही. मी मावशींना एक एप्रन आणून दिला तेव्हा त्यांनी तो घडी घालून पिशवीत ठेवला, मुलीला होईल म्हणून. दुसरा आणला आणि सिंकशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवला, तेव्हा कुठे त्या तो बांधायला लागल्या. आता पदर कोरडा राहतो, असं म्हणतात.

म्हणून थोडं व्यवहाराचं बोलते. दुकानात भेट द्यायला म्हणून मिळतात ते चकचकीत, वर काहीतरी गमतीचं छापलेले एप्रन घेऊ नका. ते पाणी टिपत नाहीत, आणि त्यांतला सिंथेटिक धागा शेगडीपाशी नको. मांजरपाट घ्या, किंवा जुनी सुती चादर, जुनं इरकल, जे मऊ झालं असेल ते. दुहेरी शिवून घ्या. पोटावर रुंद हवा, दोन्ही कडा कमरेमागे जाव्यात इतका. लांबी गुडघ्याच्या खाली. बंद मागे नेऊन परत पुढे आणून बांधता येतील असे लांब, म्हणजे गाठ आपल्या डोळ्यांसमोर राहते आणि ओल्या हाताने सोडता येते. उजव्या बाजूला, जिथे हात आपोआप जातो तिथे, टॉवेलचा वीतभर तुकडा शिवून टाका; डावखुऱ्या माणसाला डावीकडे. भांडी घासायचा एप्रन वेगळा, पाणी न लागणारा, आणि तो शेगडीपासून लांब टांगलेला. गळ्यातला पट्टा टोचतो अशी तक्रार असेल तर पाठीवर फुली येईल असे पट्टे लावायला सांगा, मानेवर भार येत नाही. शिंप्याकडे हे दोन दिवसांचं काम आहे.

आणि शिवायला टाकाल तेव्हा एक टाकू नका. तीन टाका: एक तुमच्या मापाचा, एक घरात कामाला येणाऱ्या मावशींच्या, आणि एक घरातल्या पुरुषाच्या.